पाण्यावरची लाईन क्लिअर

नाम्या, तुझ्या दहाव्याला तू आमची लय शोभा केलीस. हे तुला दुसरं कुणी सांगायचं न्हाई. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणून सगळा गाव तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. मी काय पाहुणा न्हाई, तुझा लंगोटीयार हाय, तवा मलाच बोलावं लागणार. सकाळपासनं धरणाच्या काठाला पिंड मांडला होता. नव्या इंद्रायणीचा भात, वर तुपाची धार, शेजारी तुझी आवडती कांदाभजी. आन् कावळा काय शिवंना. जित्तेपणी सुमनवैनीनं हाका मारून मारून घसा बसवला तरी तू कवा वेळेवर जेवायला आला न्हाईस. म्हणलं मेल्यावर तरी सुधारला असशील.

पण हे मी मधनंच सुरू केलं. तू असतास तर म्हणला असतास, "किसन्या, आधी गाडी यार्डातनं तर काढ." काढतो.

लोणावळ्याला रेल्वेत पॉइंटमन म्हणून तुझा जन्म गेला. घाट चढून धापा टाकत आलेल्या गाडीला वाट करून द्यायची, झेंडा दाखवायचा, लाईन क्लिअर म्हणायचं. रिटायर होऊन गावाला आलास तवा एक जुनी शिट्टी आन् विटलेले दोन झेंडे, एक लाल एक हिरवा, पिशवीत घालून आणलेस. आम्हाला वाटलं, आता हा म्हातारा घरी बसून कोंबड्या पाळंल. तू विमान पाळायचं ठरवलंस. ते बी साधं न्हाई, पाण्यावर उतरणारं.

हे खूळ तुझ्या आजाचं. युद्धाच्या काळात तो मद्रासकडच्या एका मोठ्या तळ्यावर खलाशी होता आन् तितं उडत्या नावा उतरायच्या. खाली नावेसारखं पोट, वर पंख, पंखावर इंजिनं. आजाचं काम काय, तर सकाळी वारं पडलेलं असलं आन् तळं आरशासारखं झालं की लाँच घेऊन गोल गोल फिरायचं आन् लाटा उठवायच्या. असल्या गप पाण्यावर वरनं येणाऱ्या पायलटाची नजर ठरत न्हाई. पाणी कुटं हाय तेच कळत न्हाई. उंचावर असतानाच टेकलो असं वाटतं, न्हाईतर अजून लांब हाय म्हणता म्हणता दाणकन आपटतो. लाटा दिसल्या की त्याला अंदाज येतो. आजा त्याला म्हणायचा, पाणी जागं करणं. लहानपणी मांडीवर बसवून त्यानं तुला ही गोष्ट सांगितली. माझ्या आजानं मला भुताच्या सांगितल्या. म्हणून मी शहाणा राहिलो.

संध्याकाळी मी म्हशीची धार काढाय बसलो की तू गोठ्याच्या दारात पोतं टाकून बसायचास. "किसन्या, त्या काळात दुन्येत धावपट्ट्या होत्या कुटं? पाणी मात्र सगळीकडं. मंग हुशार माणसानं नावेलाच पंख लावले. विलायतेहून निघायची ती नदीला उतर, तळ्याला उतर, असं करत करत हिंदुस्थानात यायची. फुडं पार ऑस्ट्रेलियाला. टपाल न्यायची, माणसं न्यायची. आत माणसं पाय पसरून बसायची, काटेचमच्यानं जेवायची."

"आन् आपली यष्टी अजून कार्ल्याच्या फाट्यावर चाक पंक्चर करून बसती," मी म्हणायचो.

"लढाईत तर समुद्रात पडलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायची. हात धरून आत घ्यायची."

"मंग एवढं सगळं होतं तर बंद का पडल्या?"

"लढाईपायी गावोगाव धावपट्ट्या झाल्या. साधी विमानं स्वस्त पडाय लागली. नावेचं पोट जड, त्यात खाऱ्या पाण्यानं पत्रा सडायचा."

"म्हंजे आपल्या तरीच्या होडीसारखंच झालं म्हण की. रस्ता आला आन् होडी गेली." तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काय माझी म्हैसच बोल्ली.

पण एक सांगतो, तुझी एक गोष्ट मला पटली होती. तवा कबूल केली न्हाई. तू म्हणलास, नावेच्या तळाला मधेच एक पायरी असती. उडताना पाणी पोटाला चिकटून बसतं, सोडत न्हाई. त्या पायरीनं तळाखाली हवा शिरती आन् पाणी सुटतं. लावणीच्या चिखलात रुतलेला पाय सरळ वर ओढला तर चिखल सोडत न्हाई, आधी टाच हलवून हवा घालावी लागती, तसंच. हे ऐकून मी दूध काढायचा थांबलो होतो. वरनं मात्र म्हणलो, "त्यात काय, हे तर माझ्या आईला बी ठावं होतं."

आन् मंग आपलं ते कायमचं भांडण. ती नाव का विमान? मी म्हणायचो, उडतंय ना, मंग विमान. तू म्हणायचास, तरंगतंय ना, मंग नाव. आवाज असा चढायचा की म्हैस दूध चोरायची. शेवटाला तू बदकावर यायचास. "बदकाला कुणी इचारतं का रं, तू नाव का पाखरू? पोहतं, चालतं, मनात आलं की उडतं. त्याला काय अडचण न्हाई, तुलाच हाय." मी म्हणायचो, "बदक कसलं सांगतोस, ना धड कोंबडी ना धड मासा." तू पोतं झटकून निघून जायचास आन् दुसऱ्या दिवशी परत हजर.

एकदा मी तुला इचारलं, चेष्टेनं न्हाई, खरंच इचारलं. नाम्या, तुला का रं एवढं पायजे ते विमान? तू धरणाकडं बघत होतास. तुंगाच्या डोंगराची सावली पाण्यात पडली होती. ज्या पाण्याकडं बघत होतास त्याच्या खाली आपलं जुनं गाव हाय. आपल्या बापांची भाताची खाचरं, पाटलाची विहीर, शाळेची भिंत, सगळं. तू म्हणलास, "ह्या पाण्यानं आपलं लय नेलं, किसन्या. एकदा कायतरी आणून बी देऊ दे की." आपल्या जन्मात मी तुला उलट बोल्लो न्हाई अशी ती एकच वेळ असंल.

आन् मंग ते खरंच आलं. मुंबईहून उडून आपल्या पवना धरणाच्या पाण्यावर उतरणार, चाचणी हाय, अशी बातमी आली आन् गावात नुसता गोंधळ. पूजा कसली करायची? नाव असंल तर नारळ पाण्यात सोडायचा. गाडी असंल तर चाकाखाली लिंबू. तू छाती फुगवून म्हणलास, "हे पाण्यावर बी उतरतं आन् जमिनीवर बी, चाकं असत्यात ह्याला, दुमडून ठेवलेली." म्हंजे लिंबू बी पायजे. त्या वर्षी मी उपसरपंच, म्हणून हाराचा मान माझा. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात नारळ, खिशात लिंबू. वर मला पोहता येत न्हाई. धरणाच्या काठी जन्म काढून पोहता येत न्हाई, हे तू सगळ्या पाहुण्यांना पहिल्या भेटीत सांगायचास.

त्या दिवशी पाणी आरशासारखं होतं. सगळे मान वर करून उभे, आन् तू एकटा रिटायर झाल्यावर घेतलेल्या तुझ्या होडीचं इंजिन चालू करून धरणात गोल गोल फिरत होतास. पोरं हसली. मी सगळ्यात जास्त हसलो. मंग तुंगाच्या अंगानं आवाज आला, पांढरा ठिपका आला, बघता बघता मोठा झाला आन् तू उठवलेल्या लाटांवर पाण्याची लांबच्या लांब रेघ ओढत उतरला. तू होडी काठाला आणलीस, मला आत घेतलंस. तुझं तोंड पडलेलं. मी म्हणलो, "आता काय झालं?"

"ही उडती नाव न्हाई, किसन्या. ह्याचं पोट पाण्याला लागतच न्हाई. विमानाच्या पायात नुसत्या तरंगणाऱ्या खडावा घातल्यात."

"मंग काय परत पाठवू?"

"ऱ्हाऊ दे," म्हणलास. "आलंय तर आलंय." आन् डोळं पुसलंस. डोळ्यात वारं गेलं म्हणलास. वारं पडलेलं होतं, नाम्या.

आपण जवळ गेलो. आतला पायलट दोन्ही हात जोरजोरात हलवाय लागला. आपल्याला वाटलं, काय प्रेमळ माणूस हाय. आपण बी हात हलवले. त्यानं अजून जोरात हलवले. काठावर गावानं टाळ्या वाजवल्या. मी हार घेऊन होडीत उभा राहिलो, आन् दुसऱ्या क्षणाला माझ्या नाकात धरणाचं पाणी. तू मला शर्टाच्या कॉलरला धरून मांजराच्या पिल्लासारखं वर काढलंस. हार तरंगत राहिला, नारळ बुडाला. लिंबू तेवढं खिशात शाबूत होतं.

तवापासनं मी म्हणतोय, तू ढकललंस. तू म्हणत राहिलास, किसन्या तोल जाऊन पडला. लग्नात, बारशात, चावडीवर, माझ्या व्याह्यांपुढं सुद्धा. मी तुझ्याशी किती भांडलो! आता तू न्हाईस तर सांगतो. मला ठावं होतं. विमानाचा पंखा अजून थांबला नव्हता. मी हार घेऊन सरळ त्याच्याकडंच झुकलो होतो. तू ढकललंस म्हणून मी हे सांगाय जित्ता हाय. "माझ्यामुळं वाचला" असं तू एकदा जरी बोल्ला असतास, तर मी तुझे पाय धरले असते. तू बोल्ला न्हाईस, मंग मी तरी कसा बोलू? लय उपकार झाले, नाम्या. घे, म्हणलो एकदाचा.

ते विमान परत काय आलं न्हाई. कुणी म्हणलं परवानगी न्हाई, कुणी म्हणलं गिऱ्हाईक न्हाई. मी म्हणलो, तुझं तोंड बघून गेलं. तुझा मात्र एकच हेका, यील. मी म्हणायचो, न्हाई येत. "यील म्हण की एकदा," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "मेलास तरी म्हणणार न्हाई." बघ, काय तोंडातनं निघून जातं माणसाच्या.

मंग तुझी रोजची नोकरी सुरू झाली, पगार न्हाई अशी. सकाळी होडी काढायची. वाहून आलेली लाकडं, फाटकी जाळी, पर्यटकांच्या बाटल्या गोळा करून आपल्या काठासमोरचा लांब पट्टा साफ करायचा. पाणी गप असलं की चार फेऱ्या मारून जागं करायचं. मंग काठावर खुर्ची टाकून गळ्यात शिट्टी, मांडीवर झेंडे घेऊन बसायचं. एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला, सगळा गाव फांद्यांनी आग झोडत होता, आन् तू मधेच थांबून मला सांगाय लागलास, "परदेशात उडती नाव तळ्यावरनं पळता पळता पोट भरून पाणी घेती आन् जळत्या रानावर नेऊन ओतती." मी वरडलो, "नाम्या, आधी फांदी हाण!"

शनवार-रविवारी तर तमाशाच. माझे बी भाड्याचे तंबू तितंच, तवा मला फुकट बघायला मिळायचं. पुण्या-मुंबईची पोरं पाण्यात उतरली की तू शिट्टी फुंकत, लाल झेंडा नाचवत धावायचास. "ओ साहेब, लाईन सोडा! विमान येतंय, विमान!" पोरं पटापटा बाहेर. मंग तुझ्याबरोबर फोटो. कुणीतरी मोबाईलवर टाकलं, "धरणावरचे एअरपोर्ट मॅनेजर". मला लाज वाटायची रं. माझी गिऱ्हाइकं मला इचारायची, ते काका जरा हे आहेत का? मी म्हणायचो, जरा न्हाई, पुरते हायेत.

भात झोडून झाला आन् तू गेलास. होडी लावलीस, घरी आलास, चहा मागितलास आन् अर्धा कप तसाच ठेवून निघून गेलास. जायची अशी कसली रं घाई! माझ्याशी भांडण अर्धं, वैनीचा चहा अर्धा.

तर आता तुझा दहावा. तुझी मानाची माणसं आली होती, रेल्वेतले जुने सोबती बी. प्रवचन झालं. मंग कर्ण्यावरनं श्रद्धांजली. एक पुढारी म्हणले, "नामदेवरावांच्या जाण्यानं हवाई क्षेत्रात कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे." तुझा एक रेल्वेवाला माझ्या कानात म्हणला, "आमच्या खात्याचं नाव तरी घ्यायचं." एवढ्यात एक कावळा बाभळीवर येऊन बसला. सगळे उठून उभे. त्यानं भाषण थोडं ऐकलं आन् उडून गेला. आपल्याकडचे कावळे आता तंबूवाल्यांची मॅगी खात्यात, त्यांना पिंडाचं काय कवतिक!

मंग नवस-सायास सुरू. तुझा महेश तळेगावच्या कंपनीतनं रजा टाकून आलेला, डोळं सुजलेलं. हात जोडून म्हणला, "आबा, होडी विकणार नाही." कावळा न्हाई. "आबा, आईला एकटं ठेवणार नाही." न्हाई. पुढारी कर्णा हातात घेऊन म्हणले, "हितं नामदेवरावांच्या नावाची कमान उभी करू," तवा तर लांब तारेवर बसलेले दोन कावळे बी उडाले. ऊन चढलं. गुरुजी सारखे मोबाईल बघत होते, त्यांना इंदुरीला दुसरा दहावा होता. म्हणले, "दर्भाचा कावळा करू या का? शास्त्रात सोय आहे."

सुमनवैनी पदर सावरून म्हणली, "न्हाई. खरा शिवल्याबिगर मी पाण्याचा थेंब घ्यायची न्हाई." तुझ्या शेजारी राहून ती बी हेकट झालीय. ओठ सुकलेले, सकाळपासनं तोंडात काय न्हाई.

मंग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. गुरुजी म्हणले, "किसनराव, त्यांच्या मनात काय राहिलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. 'विमान येईल' एवढंच म्हणा. तुमचं काय जातंय?"

काय जातंय! त्यांना काय ठावं. आयुष्यभर मी तुला वाट्टेल ते बोल्लो, पण खोटं बोल्लो न्हाई. तू जित्ता असताना, माझ्याकडं आशेनं बघत असताना म्हणलो न्हाई, आन् आता तू कान देऊन ऐकाय न्हाईस तर तुला भात खायला घालण्यासाठी लबाडी करू? मी म्हणलो, "मी न्हाई म्हणणार." लोक कुजबुजाय लागले. महेश तोंड फिरवून उभा राहिला. मला वाटलं, हितंच धरणीनं पोटात घ्यावं.

वैनी माझ्याजवळ आली. म्हणली, "भावजी, त्यांना काय फकस्त विमानाचं लागलं होतं व्हय? खुर्ची कुटं टाकायचे ते बघितलंत का कवा? पाटलाच्या विहिरीपाशी. पाण्याखाली ती विहीर तशीच उघडी हाय. पोरं गुडघाभर पाण्यात चालता चालता एकदम आत जातील. आधी ते सांगायचे, 'हितं विहीर हाय, बुडशीला.' पोरं हसायची. एक दिवस चिडून म्हणले, विमान येतंय, तर सगळी पळाली. घरी येऊन मला म्हणले, 'सुमन, मरणाला भेत न्हाईत, विमानाला भेत्यात.' तवापासनं तेच."

बाकीच्या काठांवर दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं पोर बुडतं, बायामाणसांचा तो आक्रोश ऐकवत न्हाई. आपल्या काठाला तू बसाय लागल्यापासनं असं कवा झालं न्हाई. मी रोज तितंच तंबू ठोकत होतो आन् माझ्या टकुऱ्यात हे एकदा बी आलं न्हाई. "विमान यील असं बी त्यांना वाटायचंच," वैनी डोळं पुसत म्हणली, "ते बी खोटं न्हाई."

पाणी त्या वेळी आरशासारखं पडलं होतं. मी उठलो. तंबूवरनं पाण्यावर तरंगायचं नारिंगी जाकीट आणलं, गळ्याशी आवळलं, धोतर खोचलं आन् तुझ्या होडीत जाऊन बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं डोक्यात राख घालून घेतली. महेश धावला, "काका, तुम्हाला पोहता येत नाही!" हे सांगायची तुमच्या घराण्याला खोडच हाय. इंजिनाची दोरी ओढली. तीनदा फुसकं निघालं, मंग सुरू झालं. देवाचं नाव घेत, दोन्ही हातांनी होडी धरून, तुझ्या त्या पट्ट्यात मी गोल गोल फिरलो. एक जाळीचा तुकडा दिसला तो उचलला. पाणी जागं झालं. इंजिन बंद केलं आन् काठाकडं न बघता म्हणलो, "नाम्या, विमान यील असं मी म्हणणार न्हाई. पण तुझी लाईन मी क्लिअर ठेवीन. रोज. जा आता."

मी काठाला लागलो तवा कावळा बुजू नये म्हणून सगळे लांब सावलीत सरकले होते. कावळा काय आला न्हाई. तुंगाच्या अंगानं दोन हळदीकुंकू बदकं आली, चोचीवर पिवळे-तांबडे ठिपके असलेली. तंबूवाल्यांच्या पावाला चटावलेलीच ती. माझ्या लाटांवर पाय पुढं करून, पाण्यावर लांब रेघ ओढत उतरली. पोहत काठाला आली. त्यातलं एक बाहेर आलं, ढुंगण हलवत चालत चालत पिंडापाशी गेलं आन् इंद्रायणीच्या भातावर सपासप चोच मारली. भजीला शिवलं न्हाई.

गुरुजी घसा साफ करत म्हणले, "शास्त्रात कावळा म्हटलं आहे."

वैनीनं हात जोडले होते. म्हणली, "उडत आलं, पोहत आलं, चालत आलं. अजून कसं यायला पायजे त्यांनी?" आन् महेशकडनं तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्याली. गुरुजींनी एकदा इंदुरीच्या वाटेकडं बघितलं, एकदा बदकाकडं बघितलं आन् हात जोडले. मी तितंच वाळूत बसून लहान पोरासारखा रडलो. रडता रडता हसू बी येत होतं. बदक घेऊन आलास होय रं मेल्या, भांडण जिंकायला!

आता रोज सकाळी मी जातो. जाकीट घालून जातो, हसायचं काम न्हाई. लाकडं काढतो, पाणी जागं करतो, मंग तुझ्या खुर्चीत बसतो. आमची ही म्हणती, एक गेला आन् दुसरा लागला.

परवा रविवारी पोरापोरींचा एक घोळका आला. फोटो काढता काढता एक पोरगी मागं मागं सरकाय लागली, थेट विहिरीकडं. मी म्हणलो, "ताई, मागं विहीर हाय." ती म्हणली, "काका, चिल!" मी शिट्टी मारली, तर त्यांनी तोंडानं मारली. लाल झेंडा दाखवला, तर त्याचा फोटो काढला. ती अजून एक पाऊल मागं गेली. मला पोहता येत न्हाई, नाम्या. आन् जे गोठ्यात म्हणलो न्हाई, तुझ्या पिंडापुढं म्हणलो न्हाई, ते मी छाती फुटेस्तोवर वरडलो. "विमान येतंय! लाईन सोडा! विमान येतंय!"

सगळी चिरकत बाहेर पळाली. ती पोरगी सगळ्यात आधी. काठावर येऊन सगळ्यांनी माना वर केल्या. मी बी केली. थोड्या वेळानं ती सगळी कटाळली, हसत हसत तंबूकडं गेली. मी मात्र तितंच, तुंगाकडं तोंड करून, हिरवा झेंडा हातात घेऊन उभा होतो.